नव्या रिंगा टाकूनही दुसरा गिअर परत खरखरतो : एमजीबीच्या रिबिल्ट गिअरबॉक्सची तपासणी

गिअरबॉक्स ओव्हरहॉल झाला. नव्या सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना आतल्या फिरत्या भागांचे वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा), नवी बेअरिंगं, नवे सील, सगळं बसलं. पहिले काही महिने गिअर लोण्यासारखे पडतात. मग कधीतरी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना हलकी ‘खर्र’ ऐकू येते. सुरुवातीला गाडी थंड असतानाच, नंतर गरम झाल्यावरही. पुढे पुढे दुसरा गिअर हात लावण्याआधीच नकोसा होतो. वर्कशॉपला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : ‘काका, रिंगाच गेल्या परत. उघडावा लागेल.’

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एका काकांच्या 1968 च्या एमजीबीचं नेमकं हेच झालं होतं. जोडीला आणखी एक तक्रार होती : सिमरोलच्या घाटात उतरताना तिसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये यायचा. गिअरबॉक्स परत उघडायचं जवळजवळ नक्की झालं होतं. ज्यांच्याकडे एमजीबी आहे किंवा त्या काळातली कुठलीही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हा निर्णय घेण्याआधी पुढच्या गोष्टी बाहेरून तपासून घ्या. एमजीबीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उचलून काढावं लागतं. त्यात रेडिएटर, एक्झॉस्ट, वायरिंग, प्रॉपेलर शाफ्ट सगळ्याला हात लागतो, आणि पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत प्रत्येक वेळी काही ना काही तुटतंच. एवढा खटाटोप करून आत सगळं ठीक निघालं तर पैशांपेक्षा मनाला जास्त लागतं.

आधी एक खुलासा. 1962 ते 1967 या काळातल्या एमजीबीच्या बॉक्सला पहिल्या गिअरवर सिंक्रो नाहीच. चालत्या गाडीत पहिला टाकताना तो खरखरणारच, तो दोष नव्हे. गाडी उभी असताना आधी दुसरा टाकून मग पहिला टाकला की आवाज होत नाही. 1967 च्या अखेरीस मार्क टू आली आणि चारही पुढच्या गिअरना सिंक्रो मिळाला. पुढचं बरंचसं लेखन या चार सिंक्रोच्या बॉक्सबद्दल आहे, पण क्लचचा भाग दोन्हींना तितकाच लागू आहे.

रिंग का जाते

सिंक्रो रिंगेचं काम काय हे नीट कळलं की निम्मी शंका तिथेच मिटते. या बॉक्समध्ये दुसऱ्याचं प्रमाण 2.167 आणि तिसऱ्याचं 1.382 आहे. तिसऱ्यात इंजिन 2000 आरपीएमवर असताना दुसरा टाकला, तर त्याच वेगाला आतल्या शाफ्टला सुमारे 3140 आरपीएमवर जावं लागतं. क्लच दाबलेला असताना ही अकराशेची वाढ ती पितळी रिंग नुसत्या घर्षणाने घडवून आणते. तिला फिरवायचं असतं ते फर्स्ट मोशन शाफ्ट (क्लचकडून बॉक्समध्ये येणारा शाफ्ट), लेगिअर (त्याच्याबरोबर फिरणारा, लेशाफ्टवरचा गिअरसंच) आणि क्लचप्लेट एवढंच. हे ओझं तिला पेलतं.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर मात्र क्लचप्लेट फ्लायव्हीलला थोडी घासत राहते, आणि रिंगेला या सगळ्याबरोबर इंजिनाशीही झुंजावं लागतं. नवी रिंग हेही काही महिने सहन करते. तिच्या आतल्या बारीक खाचा ताज्या असतात, तेल कापून गिअरवरच्या कोनला, म्हणजे शंकूसारख्या निमुळत्या भागाला, पकडतात. मग खाचा गुळगुळीत होतात आणि खरखर परत येते. नव्या रिंगेने तक्रार बरी होते आणि परत येते, म्हणजे रिंगेला कोणीतरी खातंय. ते कोण हे न शोधता तिसरी रिंग टाकली तर तीही जाणार. चारांपैकी दुसरा गिअरच आधी का जातो याचंही कारण हेच. वेगातला फरक तिथे मोठा आहे आणि शहरात तोच सर्वांत जास्त वापरला जातो. पलासिया ते राजवाडा एवढ्या रस्त्यात दुसरा गिअर किती वेळा पडतो ते कधी लक्ष देऊन पाहा.

रिव्हर्सची चाचणी

रिव्हर्सला सिंक्रो नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. गाडी चांगली गरम करा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन आयडलवर, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच पूर्ण दाबा, मनात दहा मोजा, मग अलगद रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतले शाफ्ट थांबलेले असतात आणि रिव्हर्स मुकाट पडतो. खर्र झालं, तर शाफ्ट अजून फिरतोय आणि त्याला इंजिन फिरवतंय. इथे गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

याच्या जोडीला रस्त्यावर डबल क्लच करून पाहा. तिसऱ्यातून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अ‍ॅक्सिलरेटर, परत क्लच, मग दुसरा. असं केल्यावर गिअर निमूट पडत असेल आणि रिव्हर्सची चाचणीही साफ असेल, तर मग रिंग खरंच झिजली आहे. रिव्हर्स खरखरला तर रिंगेबद्दल मत बनवायची घाई नको, आधी क्लच.

काकांच्या गाडीचा रिव्हर्स दहा मोजूनही खरखरला, वीस मोजूनही.

पेडलपासून स्लेव्हपर्यंत

एमजीबीच्या क्लचला ॲडजस्टमेंट नाही, हायड्रॉलिक आपला आपण जुळवून घेतो. त्यामुळे मिस्त्री म्हणतात, ‘यात करण्यासारखं काही नाही.’ खरं तर करण्यासारखं सगळं इथेच आहे. पेडलपाशी फ्लुइड ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच, त्या फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा सव्वा इंच. क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं तर 2.78 येतं. म्हणजे मास्टरचा दांडा 35 मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा दांडा जेमतेम साडेबारा मिलिमीटर सरकणार. क्लच पूर्ण सुटायला साधारण तेवढंच लागतं, राखीव म्हणावं असं फार काही उरत नाही. वरच्या बाजूला 3 मिलिमीटरची ढिलाई झाली की खाली एक मिलिमीटरहून जास्त चाल गेलीच.

मोजायला सोपं आहे. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नको. चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ठोकळे लावा. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने स्लेव्हच्या दांड्याशी स्टीलची पट्टी धरायची. 12 ते 13 मिलिमीटर चाल मिळाली तर हायड्रॉलिक ठीक. आम्हाला मिळाली 9.

मग वरून खाली शोधत आलो. पेडलबॉक्सचं झाकण काढलं, पेडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी क्लेव्हिस पिन बाहेर काढली. पिन मधोमध झिजून पायरी पडली होती, नखाने सहज जाणवत होती. पेडलचं भोक गोल राहिलं नव्हतं, ओढीच्या दिशेने लांबट झालेलं. पाय ठेवल्यावर पेडलची सुरुवातीची चाल नुसतीच वाया जात होती आणि चालवणाऱ्याला त्याची इतकी सवय झालेली की ते जाणवतही नव्हतं. नवी पिन लांबट भोकात टाकून उपयोग नसतो. सांवेर रोडवरच्या एका लेथवाल्याकडून भोक मोठं करून त्यात बुश ठोकून घेतलं. काम तासाभराचं, खर्च गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही.

पुढचा चोर होता रबरी होज. पेडल दाबताना होजभोवती बोटं ठेवा. जुना होज दाबाखाली फुगतो आणि तो फुगवटा बोटांना कळतो. जेवढं फ्लुइड त्या फुगवट्यात जातं, तेवढं स्लेव्हपर्यंत पोचत नाही. नवा रबरी किंवा स्टीलची जाळी असलेला होज टाका.

एअर काढणं हा या गाडीत वेगळा त्रास आहे. पाइपच्या वळणात हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि पेडल मारून मारून तो खाली येतच नाही, कारण हवेला वर जायचं असतं. म्हणून खालून वर ब्लीडिंग करा. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून मोठ्या सिरिंजने किंवा तेलाच्या कुपीने फ्लुइड हळूहळू वर ढकला, आणि मास्टरच्या टाकीत बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे करत राहा. टाकी भरून सांडणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवा, ब्रेक फ्लुइड रंग उतरवतं. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं. आपल्या माळव्यातल्या पावसाळ्यानंतर ते काळपट झालेलं दिसलं तर दर दोन वर्षांनी बदलण्याच्या नियमासाठीही थांबू नका, लगेच बदला.

चाल साडेबारा मिळूनही रिव्हर्स खरखरत असेल तर संशय बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) आत जातो. स्लेव्हच्या दांड्याने हलणाऱ्या रिलीज फोर्कच्या पिव्हटचा बोल्ट आणि बुश झिजलेले असू शकतात. रबरी बूट बाजूला करून फोर्क हाताने वर-खाली हलवून पाहा. क्रँकच्या टोकाला असलेला, फर्स्ट मोशन शाफ्टचं टोक पेलणारा स्पिगॉट बुश हा दुसरा. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांमधून आले असतील तर हा बुश मोजल्याशिवाय बसवू नये. तो घट्ट बसला किंवा कोरडाच ठोकला तर क्लच सुटूनही शाफ्टला सोबत फिरवत राहतो. ब्राँझचा सच्छिद्र बुश बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवायचा असतो. रिबिल्डमध्ये ही पायरी हमखास गाळली जाते, कारण कोणालाच रात्रभर थांबायचं नसतं. आणि तिसरं, जुलै ते सप्टेंबर गाडी झाकून उभी राहिली असेल तर क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटू शकते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी सुरू करून क्लच काही वेळा दाबावा, हा त्यावरचा साधा उपाय.

तेल

काकांच्या बॉक्समधून निघालेलं तेल ईपी-90 हे दाट गिअर ऑइल होतं, आणि त्याचा वास गंधकाचा येत होता. आपल्याकडे गिअरबॉक्स म्हटलं की ‘नव्वद नंबर’ ओतायचं हा रिवाज इतका पक्का आहे की विचारायचं कोणाच्या मनातच येत नाही. एमजीबीच्या पुस्तिकेत गिअरबॉक्ससाठी इंजिनमधलंच मल्टिग्रेड तेल सांगितलेलं आहे, 20 डब्ल्यू 50. डिफरन्शियलमध्ये हायपॉइड ईपी-90 चालतं, तिथल्या दात घासण्याच्या पद्धतीला त्याची गरज असते. गिअरबॉक्समध्ये तेच ओतलं की दोन नुकसानं होतात. जीएल-5 दर्जाच्या तेलातली गंधक-फॉस्फरसची रसायनं गरम झाल्यावर पितळ आणि ब्राँझला त्रास देतात. शिवाय असं तेल रिंगेला कोन पकडू देत नाही. रिंगेचं सगळं कामच पकडण्याचं असल्यामुळे गिअर खरखरतो.

ओव्हरड्राइव्ह (बॉक्सच्या मागे जोडलेला, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर हा नियम आणखी कडक. चार सिंक्रोच्या बॉक्सला लेकॉक कंपनीच्या ओव्हरड्राइव्हचा एलएच प्रकार लागतो, त्याआधीच्या तीन सिंक्रोच्या बॉक्सला डी प्रकार. दोन्ही गिअरबॉक्सचंच तेल वापरतात. आतला कोन क्लच घर्षणावर पकडतो, म्हणून तेलात निसरडेपणा वाढवणारी कुठलीही बाटली ओतू नका.

तेल काढाल तेव्हा गाडी गरम असू द्या आणि ते पसरट पांढऱ्या ताटात घ्या. ऊन पडेल असं ठेवून थोडा वेळ निवू द्या. सोनेरी झाक दिसली तर घाबरू नका, नव्या रिंगा बसताना सुरुवातीला थोडं पितळ उतरतंच. लोखंडाचे कडक कण, चकत्या किंवा सुईसारख्या रोलरचा तुकडा दिसला तर मात्र बॉक्स चालवणं तिथेच थांबवा.

आवाज कुठून येतो

घोंघाट असेल तर तो कोणत्या अवस्थेत येतो हे वहीत लिहून काढा. चौथा गिअर थेट आहे, प्रमाण 1.00. त्यात लेगिअर फिरतो पण त्यावर भार नसतो. म्हणून पहिल्या तिन्ही गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर लेशाफ्टचे सुई रोलर किंवा खुद्द लेशाफ्ट गेलेला असतो. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर फर्स्ट मोशन शाफ्टचं बेअरिंग आधी पाहा. क्लच दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. या गाडीत ते कार्बनचं आहे, म्हणून सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय त्याला लवकर संपवते. गिअर टाकून, क्लच तळापर्यंत दाबून, गाडी उभी असताना चिरका आवाज आला तर स्पिगॉट बुश. न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळत असतानाही आवाज असेल आणि तो गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर तो मागून येतोय : शेपटीचं बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्ट किंवा डिफरन्शियल.

तिसरा सुटतो

ही तक्रार ऐकली की लगेच डॉग दात (गिअरला शाफ्टशी अडकवून धरणारे छोटे दात) झिजलेत म्हणतात. असतीलही. पण आधी गिअर लिव्हरचा बूट काढून, शेजारी कोणालातरी बसवून त्याला लिव्हरवर नजर ठेवायला सांगा. घाटात अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स आपल्या रबरी माउंटिंगवर पुढे-मागे झुकतात. रबर तेल पिऊन लिबलिबीत झालं असेल तर ही हालचाल बरीच होते, लिव्हर टनेलच्या (बॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्याच्या) कडेला टेकतो आणि कड त्याला न्यूट्रलमध्ये ढकलते. गिअरबॉक्स आत निर्दोष असतो. काकांच्या गाडीत मागच्या माउंटिंगचं रबर धातूपासून सुटलेलंच होतं. टॉर्च मारून, बॉक्सखाली लाकूड देऊन जॅकने अलगद उचललं की फट उघडायची. नवी माउंटिंगं घातली आणि लिव्हर टनेलपासून मोकळा झाला. घाट परत उतरलो, तिसरा जागचा हलला नाही.

माउंटिंग ठीक असूनही गिअर सुटत असेल तर मग आत जावं लागेल. डिटेंटचे (गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या खटक्याचे) स्प्रिंग दबलेले, सिलेक्टर फोर्कचा बोल्ट ढिला, फोर्कचं टोक झिजलेलं, नाहीतर हबची बाजू उलटी बसवलेली. हे शेवटचं मी रिबिल्ट बॉक्समध्येच पाहिलं आहे, जुन्या न उघडलेल्या बॉक्समध्ये कधी नाही.

खरंच उघडावा लागला तर

मग मात्र मोजमाप घेतल्याशिवाय बंद करू देऊ नका. आपल्या इंदुरात या गाडीला हात लावणारे मिस्त्री बहुतेक अ‍ॅम्बॅसेडरवर तयार झालेले आहेत, आणि ती त्यांची मोठी जमेची बाजू आहे. अ‍ॅम्बॅसेडरचं जुनं 1489 सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसी इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं. त्यांच्या हाताला बोल्टचा कस कळतो, आवाजावरून बेअरिंग कळतं. पण अंगठ्याने हलवून ‘ठीक आहे’ म्हणणं लेगिअरच्या बाबतीत पुरत नाही. लेगिअरची लांबीतली ढिलाई 2 ते 3 हजारांश इंच असायला हवी, म्हणजे 0.05 ते 0.08 मिलिमीटर. फिलर गेजची सर्वांत पातळ पाती थ्रस्ट वॉशर आणि केसिंगच्या मध्ये सरकवून पाहिल्याशिवाय हे कळणं शक्य नाही. मागचा वॉशर वेगवेगळ्या जाडीत येतो तो एवढ्यासाठीच. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची ढिलाई 5 ते 8 हजारांश इंच. मिस्त्रींना ही मापं कागदावर लिहून द्या आणि प्रत्यक्ष आलेलं माप शेजारी लिहून मागा. चांगला माणूस रागावत नाही, उलट त्यालाही बरं वाटतं.

लेशाफ्टवर नखाला लागेल असा एकही खड्डा असेल तर शाफ्ट नवाच हवा. जुन्या शाफ्टवर नवे रोलर टाकणं म्हणजे नव्या रोलरांचं आयुष्य त्या खड्ड्याच्या हवाली करणं. नव्या शाफ्टचा हार्डनेस तपासून घ्यायला हरकत नाही, मऊ माल बाजारात येतो.

रिंग बसवण्याआधी ती गिअरच्या कोनवर कोरडीच दाबून हाताने पिळून पाहा. ती पकडली पाहिजे. रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट तीन-चार ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखी आणि साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, अर्ध्या मिलिमीटरच्या खाली आली असेल तर ती रिंग वापरू नका. कोन तुकतुकीत झाला असेल तर नवी रिंगही त्यावर घसरते. बारीक घासणीने, कोनच्या गोलाईत फिरवून, तो तुकतुकीतपणा काढावा आणि रॉकेलने धुऊन घ्यावा.

बॉक्स गाडीत परत गेल्यावर पहिले पाचशे किलोमीटर दुसऱ्या गिअरला घाई करू नका. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पहिले दोन किलोमीटर तो थोडा अडखळेल. 20 डब्ल्यू 50 थंडीत जड असतं, तेल गरम झालं की तो आपोआप मोकळा होतो. पाचशे झाल्यावर तेल गरम असताना काढून टाका, ताटात नीट पाहा, नवं भरा, आणि रिव्हर्सची चाचणी त्याच दिवशी पुन्हा एकदा करून वहीत तारखेसह लिहून ठेवा.